अंगणाला कुंपण घालताय? ग्रामपंचायतीची परवानगी हातात आली म्हणून जागा तुमची होत नाही

गल्लीच्या तोंडाला विटांची ट्रॉली उभी. गवंड्यानं दोरी मारून ठेवलेली, पाया दीड फूट खोदून झालेला. आणि त्या खोदलेल्या चरात साठी ओलांडलेल्या एक काकू उभ्या. "आधी मला गाडा, मग भित बांधा," एवढंच त्यांचं म्हणणं.

घरमालक चाळिशीतला. त्याच्या हातात ग्रामपंचायतीचा शिक्का मारलेला कागद. "काकू, माझ्याकडं परवानगी हाय. पैसं भरलेत म्या."

"परवानगी तुझी असंल बाबा, पर वाट माझी हाय. तुझ्या बापाच्या वक्तापासून म्हैस हितनंच जाती माझी."

थोड्या वेळानं काकूंचा मुलगा घरातून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घेऊन आला. त्यात जागा चाळीस बाय तीस लिहिलेली. म्हणजे एकाकडं परवानगी, दुसऱ्याकडं उतारा. दोघांनाही वाटत होतं, आपला कागद खरा. दोघंही पोलीस ठाण्यात गेले, तिथं दोघांची अदखलपात्र नोंद झाली आणि सांगण्यात आलं, "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा."

दोघांची नावं इथं दिलेली नाहीत, कारण दोघांनाही उद्या त्याच गल्लीत राहायचं आहे. पण अशी भांडणं जवळपास प्रत्येक गावात आहेत. घरात पैसा आला, पोरगं नोकरीला लागलं की पहिलं काम कंपाउंडचं निघतं. आणि पहिलं भांडणही तिथंच निघतं. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

तीन प्रश्न, तीन दारं

कुंपणाच्या भांडणात तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक गुंतलेले असतात.

पहिला, जागा कुणाची आणि हद्द कुठं? याचं उत्तर भूमी अभिलेख कार्यालयाच्या नोंदीत आणि मोजणीत मिळतं. मालकीवरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात.

दुसरा, त्या जागेवर बांधायला परवानगी आहे का? हे गावठाणात ग्रामपंचायत बघते.

तिसरा, जागा एकाची असली तरी दुसऱ्याचा तिथून जाण्यायेण्याचा, पाणी जाण्याचा हक्क आहे का? हे पुन्हा दिवाणी न्यायालयाचं काम.

वरच्या प्रकरणात घरमालकानं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणलं होतं आणि ते पहिल्या प्रश्नाला लावत होता. काकूंचा प्रश्न तिसरा होता आणि त्या दाखवत होत्या घरपट्टीचा उतारा. म्हणजे दोघांनीही चुकीच्या दाराची कडी वाजवली होती.

गावठाणातच एवढा घोळ का?

शेतीला गट नंबर आहे, नकाशा आहे, सातबारा आहे. गावठाणातल्या घराला बऱ्याच गावांत यातलं काहीच नव्हतं. त्याचं कारण जुनं आहे. इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली ती शेतसारा वसूल करण्यासाठी. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता. म्हणून गावठाणाची बाहेरची हद्द आखली आणि आतली घरं, बोळ, अंगणं तशीच सोडून दिली. पुढं लोकसंख्या दोन हजारांच्या वर असलेल्या बऱ्याच गावांत नगर भूमापन झालं, तिथं मिळकत पत्रिका तयार झाल्या. लहान गावं मात्र राहून गेली.

आत कुणाची भिंत कुठं, हे मग माणसांच्या आठवणीवर चाललं. आजोबा होते तोवर ते सांगायचे, "चिंचेपासून चार हात." आता आजोबा नाहीत आणि चिंचही नाही.

ही उणीव भरून काढायला राज्यात ड्रोननं गावठाण मोजायचं काम सुरू झालं. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातलं सोनोरी हे त्याचं पहिलं गाव. नंतर २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं स्वामित्व योजना जाहीर केली. या मोजणीत आधी चुन्यानं हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो, मग चौकशी अधिकारी येऊन कुणाची मिळकत किती याची चौकशी करतात आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका मिळते.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. चुना टाकायच्या दिवशी आणि चौकशीच्या दिवशी घरातलं जाणतं माणूस हजर पाहिजे. अनेक घरांत त्या दिवशी म्हातारी माणसंच होती, पोरं पुण्या-मुंबईला. शेजाऱ्यानं दाखवली तशी रेघ पडली. आता तीच रेघ कागदावर आली आहे. तुमच्या गावात काम अजून व्हायचं असेल तर ही संधी सोडू नका. झालं असेल तर मिळकत पत्रिका काढून क्षेत्र बरोबर आहे का, ते आजच बघा.

कुठला कागद काय सांगतो?

नमुना ८ : ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कुणाकडून आणि किती घ्यायची, यासाठी ती आहे. त्यात नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं होत नाही. ती पुराव्याला मदत करते, पण एकटी पुरत नाही. त्यात लिहिलेली लांबी-रुंदी बऱ्याचदा अंदाजानं किंवा घरमालकानं सांगितली तशी लिहिलेली असते. शेतीचा खातेउतारा ८-अ वेगळा, तो तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी) असतो. दोन्हींत गल्लत करू नका.

मिळकत पत्रिका : भूमी अभिलेखकडची नोंद. धारकाचं नाव आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. सोबत नकाशा असतो. हद्दीच्या वादात हाच सगळ्यात कामाचा कागद.

खरेदीखत, वाटणीपत्र : यातली चतुःसीमा वाचा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे त्यात लिहिलेलं असतं. "पश्चिमेस सार्वजनिक बोळ" असं एक वाक्य कधी कधी सगळं भांडण मिटवतं.

ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी किंवा ना हरकत दाखला : बांधायला हरकत नाही, एवढंच. दुसऱ्याच्या किंवा सरकारी जागेत बांधायचा हक्क यातून मिळत नाही.

कुंपणाला परवानगी लागते का?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ सांगतं की गावाच्या हद्दीत ग्रामपंचायतीच्या आधीच्या परवानगीशिवाय इमारत बांधता येत नाही. आता कुणी म्हणेल, भिंत म्हणजे काय इमारत आहे का? या कायद्यातल्या व्याख्येत 'इमारत' या शब्दात भिंत, ओसरी, पक्का ओटा, जोतं, दाराची पायरीसुद्धा येते. त्यामुळं विटांचं किंवा सिमेंटचं कंपाउंड घालायचं तर परवानगी घ्यायची, हे पक्कं.

तारेच्या कुंपणाचं काय? घरी बाभळीच्या फांद्या रोवल्या म्हणून कुणी अर्ज करत नाही. पण सिमेंटचे खांब गाडून जाळी मारणार असाल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन ठेवलेला बरा. अर्जाची पोच घ्या. तोंडी "करा की, कोण काय म्हणतंय" असं सरपंच म्हणाले, त्याला काही अर्थ नसतो. सरपंच पाच वर्षांनी बदलतात.

गावठाणाबाहेरच्या बिनशेती प्लॉटवर घर असेल तर नियम वेगळे. तिथं मंजूर रेखांकन आणि प्रादेशिक योजनेचे नियम लागतात. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता राज्यासाठी २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात कंपाउंडच्या भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत ठेवली आहे. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. गावठाणातही ही उंची डोळ्यासमोर ठेवली तर शेजाऱ्याचा उजेड-वारा अडत नाही आणि वळणावर समोरची गाडी दिसते.

भिंत रस्त्यात आली तर?

त्याच अधिनियमाचं कलम ५३ सार्वजनिक रस्ता आणि मोकळ्या जागेवरच्या अतिक्रमणाचं आहे. रस्त्यात किंवा गटारावर भिंत, कुंपण, खांब, ओटा, पायरी असं काही उभं केलं तर ग्रामपंचायत ते काढू शकते आणि खर्च त्याच्याकडूनच वसूल करू शकते. ग्रामपंचायत हललीच नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं, जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत दाद मागता येते.

सार्वजनिक वाट बेकायदा अडवली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३) प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. मात्र ते कलम सगळ्यांच्या वाटेसाठी आहे, एकट्याच्या वाटेसाठी नाही.

आणि जे ग्रामपंचायतीवर निवडून आलेत त्यांनी जास्त जपायचं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलं असेल तर कलम १४(१)(ज-३) खाली सदस्यत्व जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे की सदस्याच्या घरच्यांनी केलेलं अतिक्रमणही यात धरता येतं. म्हणजे बापानं ओढलेली भिंत पोराची खुर्ची घालवू शकते.

"म्हैस हितनंच जाती"

आता काकूंचा प्रश्न. जागा दुसऱ्याची असली तरी तिथून जायचा हक्क मिळू शकतो का? मिळू शकतो. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणं एखादी वाट उघडपणे, शांततेनं, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षं वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. सरकारी जागेच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षं आहे. उजेड, वारा आणि पाणी जाण्याच्या हक्कालाही हाच नियम आहे.

पण इथं दोन अडचणी आहेत. "हक्क म्हणून" आणि "परवानगीनं" यात फरक आहे. शेजाऱ्यानं प्रेमानं जाऊ दिलं असेल तर ती परवानगी झाली, हक्क नाही. आणि हा हक्क कागदावर आपोआप येत नाही, न्यायालयात सिद्ध करावा लागतो. वाट अडवली गेल्यावर दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. उशीर केला तर वीस वर्षांची वहिवाट हातची जाते.

बरेच लोक अशा वेळी तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अर्ज करतात. तो कायदा शेतीची वाट आणि शेतातलं पाणी अडवण्यासाठी आहे. तिथंही अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. गावठाणातल्या घरासमोरच्या अंगणाला तो लागत नाही. त्यात सहा महिने घालवले आणि शेजारची भिंत तेवढ्यात उभी राहिली, असं नेहमी होतं.

भिंत उभी राहायच्या आत दिवाणी न्यायालयात तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. चालू काम थांबवणं सोपं असतं, उभी भिंत पाडायला लावणं फार अवघड. उलट बांधणाऱ्याला भीती असेल की शेजारी आपल्या पाठीमागं हुकूम आणेल, तर त्यानं आधीच न्यायालयात कॅव्हेट दाखल करावं. मग त्याचं ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम होत नाही. कॅव्हेट नव्वद दिवस चालतं.

खर्चाची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करून माहिती घेता येते.

मोजणी झाली आणि दोघंही गप्प झाले

त्या गल्लीत पुढं काय झालं? पंधरा दिवस काम बंद राहिलं. विटा ट्रॉलीतून उतरून रस्त्यातच पडल्या. दोन्ही घरांची बोलाचाल बंद झाली, हळदी-कुंकवाला बोलावणं गेलं नाही. शेवटी गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी दोघांना सांगितलं, "कागदावर भांडू नका. जमिनीला विचारा."

गावात ड्रोन मोजणी झालेली होती, मिळकत पत्रिका निघालेल्या होत्या. घरमालकानं उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, फी भरली. लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस गेली. ठरल्या दिवशी भूकरमापक आले. अर्धी गल्ली बघायला जमली.

मोजणीत निघालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. घरमालकानं पाया खोदला होता तो त्याच्या हद्दीच्या बाहेर, सार्वजनिक बोळात अडीच फूट आला होता. आणि काकूंच्या घराचा पुढचा ओटा, ज्याच्यावर बसून त्या सगळ्या गल्लीला न्याय सांगायच्या, तोही बोळात दोन फूट आला होता. मधे उरली होती जेमतेम सहा फुटांची वाट.

काकूंची म्हैस जायची ती जागा कुणा एकाच्या अंगणातली नव्हतीच. ती सगळ्या गावाची वाट होती. दोन्ही घरं वर्षानुवर्षं तिला दोन्ही बाजूंनी खात आली होती.

खूण पडल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकूंचाच आवाज आला. "माझी सून नवव्या महिन्यात हाय. रात्रीची रुग्णवाहिका आली तर कुठनं आणायची रं?" वाद लागल्यापासून त्या पहिल्यांदा वाटेबद्दल नाही, वाटेच्या रुंदीबद्दल बोलल्या.

चार दिवसांनी तंटामुक्त समितीच्या बैठकीत दोघांनी लिहून दिलं. घरमालकानं पाया मोजणीच्या खुणेच्या आत घ्यायचा. भिंत साडेतीन फूट, वर जाळी. खालून पावसाचं पाणी जायला दोन पाइप टाकायचे. काकूंनी पावसाळ्याआधी ओटा मागं घ्यायचा. त्या म्हणाल्या, "ओटा फोडते, पर पायरी तेवढी ऱ्हाऊ द्या, गुडघं धरत्यात." पायरी घराच्या आतल्या बाजूला वळवून घ्यायची ठरली.

कुंपण घालायच्या आधी एवढं करा

१. मिळकत पत्रिका, नकाशा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र काढून चतुःसीमा वाचा.

२. हद्दीबद्दल थोडी जरी शंका असेल तर विटा आणायच्या आधी मोजणी करून घ्या. मोजणीचा नकाशा म्हणजे 'क' प्रत जपून ठेवा. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते, म्हणजे वरचे अधिकारी पुन्हा तपासतात. हद्दीच्या खुणा मात्र कुणीही हलवू नका.

३. मिळकत पत्रिका नसेल तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आणि दोन जाणत्यांना घेऊन हद्द ठरवा, मोबाइलवर फोटो काढा, लेखी करून सह्या घ्या.

४. शेजाऱ्याला आधी सांगा. कायद्यात तशी सक्ती नसली तरी निम्मी भांडणं "मला विचारलं न्हाई" यावरनंच होतात.

५. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) नकाशासह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. परवानगीत लिहिलेल्या अटी वाचा. परवानगी कशाच्या आधारे दिली हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

६. भिंत हद्दीच्या आत घ्या, पायासकट. पाणी जायला वाट ठेवा. फाटक रस्त्यावर उघडणारं नको, आत उघडणारं करा.

७. शेजाऱ्यानं हद्दीत घुसून भिंत घातली तर गप्प बसू नका. आज संकोचानं बोलला नाहीत आणि बारा वर्षं निघून गेली, तर तो कब्जाच्या जोरावर हक्क सांगू शकतो. भांडण नको असेल तर निदान लेखी हरकत द्या.

८. तडजोड झाली तर ती कागदावर करा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून गावागावांत आली, समितीत भांडण मिटतं हे खरं. पण न्यायालयात दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्या. तिथला निवाडा दिवाणी हुकुमासारखा असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेलं कोर्ट शुल्कही परत मिळतं.

त्या गल्लीत आता भिंत उभी आहे, मोजणीच्या खुणेच्या आत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दीडला रुग्णवाहिका थेट काकूंच्या दारापर्यंत आली. पुढं होऊन बॅटरी दाखवत गाडी मागं घ्यायला सांगणारा होता तो शेजारचा घरमालकच. सून आणि नात दोघी सुखरूप घरी आल्या आहेत. काकूंचा ओटा मात्र अजून एक फूट फोडायचा राहिला आहे.